दोष कानाचा की भिंतीचा?

रविवारची संध्याकाळ आहे. परदेशी राहणाऱ्या लेकीचा व्हिडिओ कॉल येतो. आजोबा मागच्या खोलीत पलंगावर बसून फोन हाती घेतात. लेकीचा चेहरा क्षणभर दिसतो आणि थिजतो. आवाज तुटत तुटत येतो. ‘गोळी’ एवढेच कळते, कोणती आणि केव्हा घ्यायची ते वाटेतच हरवते. ती पुन्हा विचारते, आजोबा अंदाजाने ‘हो, हो’ म्हणतात. अखेर फोन आजींकडे देत ते म्हणतात, ‘‘तूच बोल बाई, मला हल्ली ऐकू येत नाही.’’

हा प्रसंग आपल्या घरी घडला असेल, तर त्या शेवटच्या वाक्यापाशी थोडे थांबा. ऐकू न येण्याचा दोष खरोखर कानाचा होता का? की राउटर ठेवलेल्या खोलीपासून या पलंगापर्यंत मध्ये आलेल्या भिंतींचा? ज्येष्ठ मंडळी बहुधा पहिलेच उत्तर स्वीकारतात. वयाने काही ना काही न्यायचेच, तसे कानही नेले, असे मनाशी ठरवून ती संभाषणातून हळूहळू मागे सरतात. आधी फोन कमी होतात, मग गप्पा कमी होतात, आणि हा एकटेपणा भिंतीमुळे आला हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

दोन्ही दोषांची लक्षणे सारखी दिसतात हे यातले कठीण. वाढत्या वयात कानाची शक्ती कमी होते तेव्हा प्रथम उंच पट्टीतले ध्वनी निसटतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ यांसारखी व्यंजने पुसट होतात; शब्द ऐकू येतो, पण नेमका कोणता ते उमगत नाही. अशा वेळी माणूस नकळत समोरच्याच्या ओठांकडे पाहून उरलेले भरून काढतो. वायफाय मंद असले की आवाजाचे तुकडे गळतात आणि चित्रही थिजते. म्हणजे कानही अडतो आणि ओठांचा आधारही जातो. म्हणूनच घरातील वायफायची तपासणी हा नातवंडांच्या करमणुकीपुरता विषय राहत नाही. तो आपल्या आरोग्याचाही विषय आहे.

निगडीचे घर

पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाची स्थापना १९७२ साली झाली. कारखान्यांत काम करणाऱ्यांना घरे मिळावीत हा तिचा एक मुख्य हेतू होता. निगडी प्राधिकरणातील अनेक घरांची कहाणी त्यामुळे एकसारखी आहे. भूखंड मिळाला, आधी तळमजला बांधला, मुले मोठी झाल्यावर वर मजला चढवला. आज वडीलधारी मंडळी गुडघ्यांमुळे खाली राहतात आणि मुलगा-सून वर. हिंजवडीची नोकरी घरून करायची म्हणून इंटरनेटची जोडणी वरच्या खोलीत घेतलेली असते आणि राउटर मुलाच्या मेजावर असतो. आजी-आजोबांची खोली खाली, तीही मागच्या बाजूला.

या दोन जागांच्या मध्ये लोखंडी सळ्या घातलेला काँक्रीटचा स्लॅब असतो. शिवाय दोन-तीन भिंती आणि त्यातल्या एखाद्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाट. वायफाय ही रेडिओ लहर आहे. लाकडी दारातून ती सहज जाते, विटांच्या भिंतीतून काहीशी थकून जाते, काँक्रीट आणि सळ्यांतून मात्र फारच क्षीण होऊन बाहेर पडते. धातूचे कपाट आणि मोठा आरसा तिला परत फिरवतात. पाण्याची टाकी आणि माशांची पेटी तिला शोषून घेतात. यमुनानगरसारख्या भागातील इमारतींत राहत असाल, तर शेजारपाजारच्या राउटरांची गर्दी हे आणखी एक कारण.

आधी निदान, मग उपचार

डॉक्टर एकदाच रक्तदाब मोजून गोळी सुरू करत नाहीत. ‘आठवडाभर वहीत नोंद ठेवा’ असे सांगतात. येथेही तीच शिस्त पाळावी. एक वही घ्या. फोनवर वेग मोजणारे एखादे मोफत ॲप मुलाकडून किंवा नातीकडून घालून घ्या. मोजताना फोनचा मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर आकडा भलत्याचाच यायचा. मग तीन जागी मोजा : राउटरपासून पाच-सहा फुटांवर, बैठकीच्या खोलीत आणि आपल्या पलंगावर. सकाळी, दुपारी आणि रात्री जेवणानंतर, असे दोन-तीन दिवस करा.

आकडा एमबीपीएस या मापात येतो. फार मोठा आकडा पाहिजे असे नाही. दोन माणसांच्या साध्या व्हिडिओ संभाषणाला स्थिर असे दोन ते चार एमबीपीएस पुरतात. ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घेण्यासाठी आपल्या देशात २०२३ पासून किमान २ एमबीपीएसची अट आहे. ‘डाउनलोड’ आणि ‘अपलोड’ हे दोन्ही आकडे लिहा. पहिल्यावर आपल्याला लेक दिसते, दुसऱ्यावर लेकीला आपण दिसता.

वहीत उत्तर बहुधा तीनपैकी एका रूपात मिळते.

राउटरजवळही वेग कायम कमी असेल, तर दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीचा किंवा यंत्राचा समजावा. फायबरच्या पेटीवर ‘लॉस’ असे लिहिलेला दिवा लाल दिसत असेल, तर प्रकाशतंतूतून संकेतच येत नाही. घरात काही करण्याजोगे नाही, सरळ तक्रार नोंदवावी. दिवे ठीक असतील तर पेटी आणि राउटर दोन्ही बंद करून अर्धा मिनिट थांबावे. आधी पेटी सुरू करावी, दिवे स्थिरावले की राउटर, आणि मग दोन-तीन मिनिटे वाट पाहावी. दुसऱ्या फोनवरही मोजून पाहावे. एकाच फोनवर रडगाणे असेल, तर तो फोनच थकलेला असतो. तरीही फरक पडला नाही तर वही उघडून तक्रार करावी. ‘नेट हळू चालते’ या वाक्यापेक्षा ‘राउटरजवळ तीन दिवस अमुक वेळी अमुक वेग आला’ हे वाक्य अधिक ऐकले जाते.

राउटरजवळ सकाळी वेग चांगला आणि रात्री वाईट असेल, तर दोष गर्दीचा. एकीकडे मालिका, दुसरीकडे मुलाची बैठक, तिसरीकडे नातवाचा खेळ. येथे यंत्र विकत घेण्याआधी वेळ वाटून घ्यावी.

राउटरजवळ सर्व काळ चांगला आणि पलंगापाशी सर्व काळ वाईट, असे दिसले तर मात्र दोष पोहोचीचा आहे. आपला कान, आपले वय आणि आपली अक्कल या तिघांचीही त्यात काही चूक नाही. पुढील उपाय याच प्रकारासाठी आहेत.

फुकटचा पहिला उपाय : जागा

राउटर शोभेची वस्तू नाही म्हणून तो टीव्हीच्या कपाटात, फ्रिजच्या मागे किंवा जमिनीवर कोपऱ्यात दडवला जातो. त्याला उघड्यावर, घराच्या शक्य तितक्या मध्यभागी, उभ्या माणसाच्या छाती-डोक्याच्या उंचीवर ठेवावे. मायक्रोवेव्ह भट्टीपासून तो दूर असावा. ती साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालते आणि वायफायची एक पट्टी त्याच शेजारात आहे. राउटरच्या काड्या उभ्या ठेवल्यास लहर आडवी, म्हणजे त्याच मजल्यावर, अधिक पसरते. दुसऱ्या मजल्यालाही द्यायचे असेल तर एखादी काडी आडवी करून पाहावी.

दुमजली घरात जिन्याजवळची जागा बहुधा उत्तम. स्लॅब भेदून जाण्यापेक्षा जिन्याच्या मोकळ्या वाटेने लहर सोपेपणाने उतरते. राउटर तिकडे सरकवायला तार पुरत नसेल, तर ती वाढवून घेण्याचे काम कंपनीच्या तंत्रज्ञाचे. फायबरची तार स्वतः ओढू नये; ती काचेची असते आणि जोरात वाकली तर तुटते.

दोन पट्ट्या, दोन स्वभाव

फोनमध्ये घरच्या वायफायची कधीकधी दोन नावे दिसतात आणि एकाच्या शेवटी ‘५जी’ असते. हा मोबाइलचा फाइव्ह-जी नव्हे; ही ५ गिगाहर्ट्झची पट्टी. ती वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानणारी. दुसरी २.४ गिगाहर्ट्झची, वेगाने कमी पण दूरवर जाणारी. राउटरच्याच खोलीत बसत असाल तर पहिली घ्यावी, दोन भिंतींपलीकडे असाल तर दुसरी. लांबच्या खोलीत फोन हट्टाने ‘५जी’लाच धरून बसला असेल, तर एवढ्या एका बदलानेही संभाषण सुधारते.

इमारतीत राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. २.४ च्या पट्टीत १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर न चढणारे असतात. शेजारचे सगळे राउटर एकाच चॅनेलवर असले, तर ती बाजारातली बोलाचाली होते. घरातील जाणत्याने राउटरच्या मांडणीत जाऊन कमी गर्दीचा चॅनेल निवडावा.

एक्स्टेंडर : दिंडीतला मधला टाळकरी

एवढे करूनही मागची खोली कोरडीच राहिली, तर रेंज एक्स्टेंडरचा विचार करावा. भिंतीवरच्या प्लगमध्ये बसणारे हे छोटे यंत्र राउटरची लहर ऐकते आणि पुन्हा प्रसारित करते. येथे एक चूक जवळजवळ प्रत्येक घरी होते. ज्या खोलीत वायफाय येत नाही, त्याच खोलीत, थेट पलंगाशेजारी, एक्स्टेंडर लावला जातो. फोनवर पट्ट्या पूर्ण भरलेल्या दिसतात, पण कॉल पूर्वीसारखाच तुटतो, आणि मग ‘पैसे वाया गेले’ म्हणून यंत्र खणात जाते.

असे का होते, हे निगडीकरांना वेगळे सांगायला नको. दरवर्षी आषाढीला तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि निगडीवरून आकुर्डीच्या मुक्कामी जाते. दिंडीत विणेकऱ्याने उचललेला चरण टाळकरी झेलतात आणि मागच्यांपर्यंत पोहोचवतात. पण ज्या टाळकऱ्याला मुळात चरण ऐकूच आला नाही, तो मागे काय पोहोचवणार? त्याचा आवाज खणखणीत असला तरी शब्द चुकणारच. एक्स्टेंडर हा मधला टाळकरी आहे. त्याची जागा विणेकऱ्याला ऐकू येईल इतकी पुढे आणि शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतकी मागे, म्हणजे साधारण निम्म्या वाटेवर असते. दुमजली घरात जिन्याच्या मधल्या टप्प्यावर किंवा जिना उतरतो तेथे प्लग असेल, तर तीच त्याची जागा. बऱ्याच एक्स्टेंडरवर राउटरचा संकेत पुरेसा येतो की नाही हे दाखवणारा दिवा असतो; रंगाचा अर्थ सोबतच्या कागदावर पाहावा आणि दिवा समाधानी होईपर्यंत यंत्र राउटरकडे सरकवत न्यावे.

जोडणी सोपी आहे. एक्स्टेंडर प्रथम राउटरच्याच खोलीत लावावा. राउटरवरील ‘डब्ल्यूपीएस’ बटण दाबावे आणि दोन मिनिटांच्या आत एक्स्टेंडरवरचे तेच बटण दाबावे. दिवा स्थिर झाला की यंत्र काढून ठरलेल्या जागी लावावे. ओळख त्याच्या लक्षात राहते. राउटरला हे बटण नसेल, तर फोनवरून पासवर्ड देऊन जोडणी करता येते.

अपेक्षाही माफक ठेवाव्यात. साधा एक्स्टेंडर एकाच पट्टीवर ऐकतो आणि त्याच पट्टीवर बोलतो. दोन्ही कामे एकाच वेळी त्याला जमत नाहीत, म्हणून पुढे जाणारा वेग साधारण निम्म्यावर येतो. जिन्यापाशी वीस एमबीपीएस येत असतील, तर पलंगापाशी आठ-दहा मिळाले तरी लेकीशी बोलायला ते भरपूर झाले. पण जिन्यापाशीच दोन येत असतील, तर एक्स्टेंडर नवे काही निर्माण करणार नाही. आणखी एक खोड : फोन खोली बदलल्यावरही जुन्याच, दूरच्या राउटरला चिकटून राहतो. पलंगावर आल्यावर फोनचे वायफाय एकदा बंद करून पुन्हा सुरू करावे, म्हणजे तो जवळचा आधार शोधतो.

सर्वांत भरवशाचा उपाय मात्र जुनाच, तारेचा. राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून तेथे दुसरा राउटर बसवला, तर स्लॅबचा प्रश्नच उरत नाही. ही केबल शंभर मीटरपर्यंत व्यवस्थित काम देते. घराला रंग देण्याचे काम निघाले असेल, तर वायरमनला ती पाइपातून घालायला सांगण्याची हीच वेळ. ‘मेश’ नावाचे दोन-तीन यंत्रांचे संच एक्स्टेंडरपेक्षा सफाईने चालतात, पण खर्च अधिक येतो.

वीज गेली तर

आपल्या भागात देखभालीसाठी वीज बंद राहण्याचा वार बहुधा गुरुवार. वीज गेली की राउटर आणि फायबरची पेटी दोन्ही बंद पडतात. याचा एक परिणाम अनेकांच्या ध्यानात येत नाही. पूर्वीच्या तांब्याच्या तारेवरच्या दूरध्वनीला वीज टेलिफोन एक्स्चेंजकडून येत असे, म्हणून घरात अंधार असतानाही तो चालत असे. फायबरवरचा घरचा फोन मात्र पेटीसोबत मुका होतो. रात्री वीज गेली आणि छातीत दुखू लागले, तर त्या फोनवर भिस्त ठेवू नये.

राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या आणि पेटीच्या ॲडॅप्टरवर छापलेले व्होल्ट-ॲम्पिअरचे आकडे दुकानदाराला दाखवावेत आणि दोन्ही यंत्रे त्यावर चालतील असाच घ्यावा. तरीही कंपनीचे बाहेरचे यंत्र विजेअभावी बंद पडू शकते. म्हणून मोबाइल कायम भारित ठेवावा, आणि एकदा वायफाय बंद करून पलंगावरून साधा फोन लागतो की नाही हे पाहून ठेवावे. १०८ ही रुग्णवाहिकेची सेवा आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक, हे दोन्ही मोठ्या अक्षरात भिंतीवर लावावेत.

पडू नका, फसू नका

माळ्यावरचा राउटर बंद-चालू करण्यासाठी स्टुलावर चढणे ही वायफायच्या सर्व दोषांहून भारी पडणारी चूक आहे. मांडीच्या हाडाचे अस्थिभंग अशाच क्षुल्लक कामांत होतात. राउटरचे बटण हाताला सहज येईल असे असावे. तारा पायवाटेवरून, विशेषतः पलंग ते स्वच्छतागृह या रात्रीच्या वाटेवरून, जाऊ देऊ नयेत; त्या भिंतीच्या कडेने पट्टीत बसवून घ्याव्यात.

‘आपले इंटरनेट दुरुस्त करतो, एक ॲप घ्या’ असे सांगणारा अनोळखी फोन आला तर ठेवून द्यावा. स्क्रीन दाखवणारे ॲप दिले की बँकेचे खातेही दिसते. तक्रार आपण स्वतः, बिलावरच्या क्रमांकावर केली असेल तरच पुढे बोलावे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. येथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे.

लहरींची धास्ती अनेकांच्या मनात असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कारक’ अशा २बी गटात ठेवले. पुरावा मर्यादित आहे असाच त्याचा अर्थ. घरगुती राउटरची शक्ती साधारण वॉटच्या दहाव्या भागाएवढी असते आणि अंतर वाढले की ती झपाट्याने घटते. पेसमेकर असलेल्यांनी मोबाइल छातीच्या खिशात न ठेवता किमान सहा इंच दूर ठेवावा, राउटर किंवा एक्स्टेंडर उशाशी लावू नये आणि शंका आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावी.

डॉक्टरांशी बोलण्यापूर्वी

ई-संजीवनीसारख्या सरकारी सेवेमुळे २०२० पासून घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळू लागला आहे. खासगी डॉक्टरही व्हिडिओवर तपासतात. अशा भेटीआधी अर्धा तास तयारी करावी. त्या दिवशी मागच्या खोलीचा हट्ट सोडून राउटरजवळच्या खुर्चीत बसावे. टीव्ही आणि इतर फोन वायफायवरून काढावेत. उजेड चेहऱ्यावर पडेल असे बसावे, औषधांच्या पट्ट्या आणि रक्तदाबाची वही हाताशी ठेवावी. एखादे वाक्य तुटले तर ‘हो’ म्हणू नये. ‘डॉक्टर, गोळीचे नाव आणि वेळ पुन्हा सांगा’ असे म्हणावे आणि आपण ऐकलेले त्यांना वाचून दाखवावे. कॉल फारच तुटला तर साध्या फोनवर बोलण्याची विनंती करावी. चित्र नसेल, पण औषध तरी चुकणार नाही.

सांभाळ करणाऱ्यांना एक विनंती. ‘बाबा, किती वेळा सांगायचे’ हे वाक्य टाळा. राउटर बंद-चालू करण्याच्या चार पायऱ्या मोठ्या अक्षरात लिहून त्याच्याशेजारी चिकटवा आणि मोजमापाची वही त्यांच्याच हाती द्या. ज्यांनी कारखान्यात वर्षानुवर्षे गेजवर अचूक मापे घेतली, त्यांना तीन खोल्यांचे आकडे घेणे अवघड नाही. आणि दोष त्यांनी स्वतः शोधला, की तो ‘माझ्यामुळे’ नव्हता हे त्यांना दुसऱ्या कुणी पटवावे लागत नाही.

आणि दोष कानाचाच असेल तर?

वहीचा हा शेवटचा उपयोग. राउटरजवळ बसून, वेग चांगला असताना, चित्र स्वच्छ दिसत असताना लेकीशी बोला. तेथे सगळे समजले आणि पलंगावर समजेना, तर दोष भिंतीचा. पण तेथेही शब्द निसटत असतील, टीव्हीचा आवाज घरच्यांना मोठा वाटत असेल, चार माणसांत बोलणे धूसर होत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्या. कधी कानात साठलेला मळ एवढेच कारण निघते, कधी श्रवणयंत्र लागते. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र एक दिवसही थांबू नका. त्यावर उपचार जितके लवकर तितके बरे.

दोन्ही दोषांवर उपाय आहेत. उपाय नाही तो फक्त फोन दुसऱ्याच्या हाती देऊन गप्प बसण्यावर. येत्या रविवारी कॉल यायच्या आधी वही घेऊन घरभर एक फेरी मारा. लेक विचारील, ‘‘बाबा, गोळी घेतली का?’’ त्या प्रश्नाला ‘हो, हो’ नव्हे, खरे उत्तर मिळायला हवे.